रंगुबाईचा पाय

बोरतळात रंगुबाईच्या घरी सहज म्हणून कोणी कधी आलं नाही. आलं ते कमरेवर हात ठेवून, वाकडंतिकडं चालत, दारातूनच कण्हत. ओझं उचलताना, घागर काखेत घेताना, नाहीतर नुसतं शिंकताना पाठीत कळ भरते आणि माणूस जागच्या जागी अडकतो. तिला म्हणतात उसण. उसणीवर गावाकडे इलाज एकच, पायाळू माणसाचा पाय. जे मूल डोक्याऐवजी पायांनी जन्माला येतं ते पायाळू. रंगुबाई तशी आली होती. जन्मताना तिने आधी पाय बाहेर काढले, आणि पुढे आयुष्यभर लोकांनी तिचे पायच तेवढे पाहिले.

पायाळू असण्यात मोठा मान आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पायाळू होऊन बघावं. पायाळूवर वीज पडते, असंही लोक मानतात. लहानपणी शेतात असताना आभाळ गडगडलं, की बाकीच्या पोरी एका छपरात गोळा व्हायच्या आणि रंगूला पलीकडच्या छपरात पाठवायच्या. रागाने नव्हे, अगदी गोडीगुलाबीने. लग्न झाल्यावर नवराही विजा चमकायला लागल्या की काहीतरी काम काढून शेजारी जाऊन बसायचा. बारा वर्षं संसार करून तो तापाने गेला, विजेने नव्हे. मूलबाळ नव्हतंच.

मान मिळायचा तो पाय द्यायच्या वेळेपुरता. सकाळी अनशापोटी माणूस अंगणात पोत्यावर पालथा पडायचा. रंगुबाई उजवा पाय धुऊन यायची, पाठीवर वरून खाली तीनदा टेकवायची, तिसऱ्या वेळी थोडा भार द्यायची आणि मागे न बघता घरात निघून जायची. पैसे घ्यायचे नाहीत, चहापाणी विचारायचं नाही, नाहीतर पायाचा गुण जातो. माणूस उठायचा, कंबर वळवून बघायचा, मोकळं झालं म्हणायचा आणि चालू लागायचा. मोकळं का व्हायचं, देव जाणे. घटकाभर पालथं पडलं आणि कोणी पाठीला शिवलं, तर निम्मी दुखणी अशीच जातात. पण हे रंगुबाईला कोण सांगणार, आणि तिने तरी का ऐकावं? तिच्याजवळ दुसरं होतं काय?

दिवाळी झाली की बोरतळ रिकामं होतं. पाथर्डीच्या या अंगाची सगळीच गावं होतात. ट्रक येतात, त्यात भांडी, कोंबड्या, पोरं, अंथरुणं चढतात आणि गाव ऊस तोडायला निघून जातं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि कुत्री. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. रंगुबाईचा कोयता कधीच मोडला होता. पण टोळीचा मुकादम वैजनाथ तिला दरवर्षी बरोबर न्यायचा. कोप्यांवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपड्यांवर, थांबून लेकरं सांभाळायला, असं म्हणायचं, आणि खरं कारण पाठी. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घ्यायची आणि हातभर रुंदीच्या फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. असल्या टोळीला पायाळू बाई बाळगावीच लागते.

त्या वर्षी पौषात टोळी श्रीरामपूरच्या अलीकडे उसाच्या एका फडात होती. वाल्मिक त्याच टोळीतला. बोरतळात त्याचं घर रंगुबाईच्या दारापासून तीस पावलांवर. वय सव्वीस, आईबाप नाहीत, भावकीतली म्हणून तिला काकू म्हणायचा. मोळी घेऊन फळीवर चढावं तर त्यानेच, असं सगळे म्हणायचे. त्या सकाळी फळीवर दव होतं. ट्रक भरत आला होता, म्हणजे फळीही चांगलीच उभी झाली होती. वरच्या टोकाला त्याचा पाय सटकला आणि तो मोळीसकट खाली आला, तो थेट बुडावर आदळला.

पण तो उठला. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच आहे. वाल्मिक आपला आपण उठला, ओशाळं हसला आणि बायकोच्या, ज्योतीच्या, खांद्यावर हात टाकून फडापासून कोप्यांपर्यंत चालत आला. अर्धा फर्लांग तरी असेल. पाठीत कळा निघतात म्हणाला. मांड्यांना मुंग्या येतात म्हणाला. टोळीतल्या चार शहाण्यांनी जागेवर निदान केलं, उसण भरली. आणि इलाज तर कोपीच्या दारात बसून लेकरांना भाकरी चारत होता.

त्यांनी त्याला पालथा घातला. रंगुबाईने पाय धुतला. एकदा टेकवला, दोनदा टेकवला. तिसऱ्यांदा भार दिला आणि तिच्या टाचेखाली काहीतरी हललं. ओल्या मातीतला दगड पाय पडल्यावर सरकतो ना, तेवढंच. बाहेर कोणाला काही कळलं नाही. वाल्मिक एकदाच ओरडला. लोक म्हणाले, निघाली उसण. रंगुबाई रिवाजाप्रमाणे मागे न बघता कोपीत गेली. जन्मात पहिल्यांदा तिला मागे वळून बघावंसं वाटलं होतं, आणि तिने बघितलं नाही.

तासाभराने वाल्मिकने ज्योतीला विचारलं, माझे पाय कुठे आहेत. पाय पांघरुणाखालीच होते. त्यालाच ते कळत नव्हते.

रिकाम्या ट्रॉलीत उसाचं पाचट पसरून त्याला आधी तालुक्याला नेलं आणि तिथून नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात. कमरेच्या जरा वरचा मणका फुटला होता. त्याचा एक तुकडा मागे सरकून नसांवर बसला होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. नसांवरचा तुकडा काढला, आणि फुटलेल्या मणक्याच्या वरच्या-खालच्या मणक्यांत स्क्रू घालून दोन्ही बाजूंनी सळया बसवल्या. पडवीचा वासा मोडला की आजूबाजूला टेकू देतात, तसंच हे, असं डॉक्टरांनी ज्योतीला समजावलं.

दाखल करताना सगळी हकिकत सांगितली ती वैजनाथ मुकादमाने. फळीवरून पडला आणि पडल्या जागीच पाय गेले, असं त्याने सांगितलं आणि तसंच कागदावर लिहिलं गेलं. पाय दिल्याचं तोंडातून काढायचं नाही, हे त्याने सगळ्यांना वाटेतच बजावून ठेवलं होतं. डॉक्टर लोक असल्या गोष्टींवर भडकतात आणि भडकलेला डॉक्टर मन लावून काम करत नाही, असं त्याचं तर्कशास्त्र. वाल्मिक इंजेक्शनच्या गुंगीत होता. आणि एकदा गोष्ट कागदावर चढली, की मग माणसाला कोणी विचारत नाही, कागदालाच विचारतात.

कागद बघून डॉक्टर म्हणाले, पडल्याक्षणीच पाय पूर्ण गेले असतील तर ते परत यायची फार आशा धरू नका. पाठ भक्कम होईल, चाकाच्या खुर्चीत बसता येईल, तेवढ्यासाठी हे ऑपरेशन. ज्योती भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या मागे रंगुबाई उभी होती. पडल्या जागी नाही गेले, तो चालत आला होता, एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले आणि मागे फिरले. कारण ती बोलली असती तर पुढचा प्रश्न आला असता, मग पाय गेले कधी?

वॉर्डात ग्लोरिया नावाची सिस्टर होती. श्रीरामपूरची, ठेंगणी, तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. ती नातेवाइकांना असं शिकवायची की जणू उद्या परीक्षाच आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची. अंगाखाली आडवी चादर घालून ती ओढायची, म्हणजे खांदा आणि कंबर एकदम वळतात, पाठीला पीळ पडत नाही. टाचा अधांतरी ठेवायच्या. अंथरुणात सुरकुती ठेवायची नाही. लघवीची पिशवी भरू द्यायची नाही. ज्याला टोचलेलं कळत नाही, त्याच्या कातडीला जखम पडली तरी तो सांगणार नाही, म्हणून रोज सगळं अंग उजेडात बघायचं. दोन तास म्हणजे दोन तास, सव्वादोन नाही, असं ती बोट नाचवून म्हणायची. ज्योती तिचं ऐकता ऐकता रडायची. शिकली ती रंगुबाई.

सतराव्या दिवशी घरी सोडलं. हंगाम निम्मा बाकी होता, टोळीत एक कोयता कमी पडला होता, तेव्हा ज्योतीने भावाशी, करणशी, जोडी लावून परत जायचं ठरलं. मग वाल्मिकजवळ कोण? रंगुबाई म्हणाली, मी राहते. टोळीतल्या बाया म्हणाल्या, देवमाणूस आहेस गं बाई. वाल्मिकने पडल्या पडल्या हात जोडले. रंगुबाईने मान खाली घातली आणि सगळ्यांना तो तिचा साधेपणा वाटला.

माघातलं बोरतळ ज्याने बघितलं नाही त्याला ओसाड म्हणजे काय ते कळायचं नाही. दारोदार कुलपं, चुली थंड, देवळापुढे चार म्हातारे उन्हाला बसलेले, तेही एकमेकांशी न बोलणारे. त्या गल्लीत एका पत्र्याच्या खोलीत वाल्मिक खाटेवर आणि रंगुबाई जमिनीवर. करणने मोबाईलमध्ये दोन-दोन तासांचे गजर लावून दिले होते. गजर झाला की ती उठायची, चादर ओढायची, त्याला भिंतीकडे वळवायची. पुढच्या गजराला दाराकडे. वाल्मिक बोलायचा नाही. भिंतीकडे असला की भिंत बघायचा, दाराकडे असला की दार.

खरं सांगायचं तर रंगुबाईला त्या दिवसांत बरं वाटत होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात दिवसातून बारा वेळा कोणाला तरी तिची गरज पडावी, आणि तीही पायाची नव्हे, हाताची, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. ती भाकरी करून त्याला वाढायची, त्याच्या समोर बसून आपणही खायची. कोणासमोर बसून जेवल्याला तिला पंचवीस वर्षं झाली असतील. आणि मग एकदम आठवायचं, हे सुख आपल्याला कशापायी मिळालं ते. ती ताट तसंच सारून उठायची.

शिवरात्रीच्या आठवडाभर आधी ती त्याच्या पायांना तेल लावत होती. डाव्या पायाचा अंगठा वाकला. तिने हात थांबवला. अंगठा पुन्हा वाकला, जरासाच. पाय हीच जिची जन्माची विद्या, तिची नजर पायाच्या बाबतीत चुकत नाही. तिने वाल्मिकला सांगितलं. तो म्हणाला, नस उडते, असं होतं म्हणून सिस्टरनेच सांगितलं होतं. तिने पुन्हा सांगितलं तेव्हा त्याने चादर तोंडावर ओढली.

"आशा नको लावू, काकू," तो चादरीतून म्हणाला. "मी कसंतरी मन बांधलंय."

त्या दिवसापासून रंगुबाईच्या जिवाला घोर लागला. डॉक्टर म्हणाले होते, पडल्याक्षणी पाय गेले असतील तर आशा नाही. आणि ते पडल्याक्षणी गेलेले नव्हते. म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली ती एका खोट्यावर. ते खोटं तिला ठाऊक होतं. व्यायामाला कोणी माणूस येत नव्हता, पायांना पट्टे नव्हते, आता काय उपयोग म्हणून सगळं तसंच राहिलं होतं. तिने तोंड उघडलं तर वाल्मिकचे पाय वाचायची एक वाट होती. त्याच वाटेवर तिचं मात्र जे काही थोडंथोडकं होतं ते सगळं जाणार होतं. गावातली पत, पायाचा गुण, आणि हा एक माणूस.

ती पंधरा दिवस गप्प बसली. हे लपवण्यात अर्थ नाही. देवमाणूस वगैरे काही नव्हती ती, पंधरा दिवस गप्प बसली.

मग वाल्मिकच्या पाठीनेच निकाल लावला. ऑपरेशनच्या जखमेचं खालचं टोक ओलं दिसायला लागलं. आधी नुसतं पाणी, मग पू, आणि तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप. रंगुबाईने जीपवाल्याला फोन लावला आणि चादरीच्या चार कोपऱ्यांना देवळापुढचे चार म्हातारे लावून त्याला जीपमध्ये घातलं. ते म्हातारे एरवी एकमेकांशी बोलत नव्हते, पण ओझं उचलताना त्यांना एका सुरात हुंकार द्यावाच लागला. नगरला जखम पुन्हा उघडली. आत सळयांपाशी पू साचला होता. सगळं धुऊन काढलं. स्क्रू घट्ट होते, म्हणून ते ठेवले. सहा आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतील म्हणाले. पुन्हा पू झाला तर सळयाच काढाव्या लागतील, आणि हाड जुळलेलं नसताना त्या काढल्या तर पाठ पुन्हा ढासळेल, असंही म्हणाले.

शिमग्याच्या आदल्या दिवशी डॉक्टर राउंडला आले. जखम बघितली, बरं चाललंय म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. रंगुबाई त्यांच्या आडवी उभी राहिली.

"डाक्टर, त्यो चालत आल्ता," ती म्हणाली.

"कोण?"

"वाल्मिक. फळीवरनं पडल्यावर उठला, कोप्यांपोत्तर आपल्या पायानं चालत आला. मंग मी त्याच्या पाठीवर पाय दिला. त्याच्यानंतर त्याचं पाय गेलं."

डॉक्टरांनी हातातले कागद चाळले. पडल्या जागी पाय गेले असं इथे लिहिलंय, म्हणाले.

"कागद खोटा हाय. मी पायाळू हाय. तिसऱ्या बारीला भार दिला तवा माझ्या टाचंखाली हाड सरकलं. मला कळलं हुतं. मी कुनाला सांगितलं न्हाई."

वाल्मिकने मान वळवून तिच्याकडे बघितलं. आपण चालत आलो हे त्याला माहीत होतं. त्याला त्याचं महत्त्व वाटलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. पण टाचेखालचं हाड त्याला नवीन होतं. इतके दिवस तो समजत होता, फळीनेच आपला घात केला.

डॉक्टर स्टूल ओढून बसले. त्यांनी सुई मागवली आणि दोन्ही पाय तळव्यापासून वर टोचून बघितले. डावा अंगठा हलव म्हणाले. वाल्मिकने डोळे मिटून जोर केला. अंगठा वाकला. उजव्या तळव्याला टोचल्यावर काही कळतं का म्हणून विचारलं, तर तो बराच वेळ थांबून म्हणाला, कळतं, पण लांब कुठेतरी.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्या जागी मणक्यांतली मुख्य दोरी संपते आणि पुढे नसांचा जुडगा असतो. माणूस पडल्यावर चालला, म्हणजे नसा तुटल्या नव्हत्या, नंतर दबल्या. दबलेली नस हळूहळू जागी होऊ शकते. वर्ष लागेल, दीड वर्ष लागेल, वचन देता येत नाही. पण व्यायाम आजपासून, रोज, आणि नगरमध्येच राहून. हे आधी कळलं असतं तर दीड महिना फुकट गेला नसता.

"मंग पाय माझ्यामुळंच गेलं का?" रंगुबाईने विचारलं.

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "हाड पडल्यावरच मोडलं," ते म्हणाले. "मोडलेल्या पाठीवर पाय द्यायचा नसतो, चालायचं नसतं, ट्रॉलीतून न्यायचं नसतं. तुम्ही लोकांनी तिन्ही केलं. यातल्या कशाने तुकडा सरकला ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

तिला हो हवं होतं नाहीतर नाही हवं होतं. फाशी झाली असती तरी तिने ती मुकाट घेतली असती. हे मधलं घेऊन कुठे जायचं, ते तिला कळेना.

वाल्मिकने तोंड भिंतीकडे केलं होतं. दोन तास झाले, तिने चादरीला हात घातला, तेव्हा तो म्हणाला, "तू नको. सिस्टरला बोलव." ग्लोरिया सिस्टर आली, तिने त्याला वळवलं आणि जाता जाता रंगुबाईच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. संध्याकाळी ज्योतीची आई गावाहून आली. रंगुबाईने कूस बदलायच्या वेळा तिला तोंडपाठ म्हणून दाखवल्या, मोबाईल तिच्या हाती दिला आणि पाथर्डीच्या एसटीत बसली.

पाडव्याला टोळी परत आली. गोष्ट तिच्या आधीच गावात पोचली होती. कोणी रंगुबाईला शिवी दिली नाही, दगड मारला नाही. उलट निम्मं गाव म्हणत होतं, पायाळूच्या पायाने कधी अपाय होतो का, म्हातारीला चळ लागलाय. या निम्म्यांना राग होता तो तिने गावचा रिवाज डॉक्टरापुढे उघडा केला याचा. उरलेल्या निम्म्यांना तिच्या पायाची भीती वाटायला लागली. कारणं दोन, पण परिणाम एकच, अंगणातलं पोतं कोणी पसरेना. पूर्वी उसणवाले तरी यायचे. आता तेही नाहीत. नळावर बाया बोलायच्या तिच्याशी, नाही असं नाही, पण तिची घागर भरेपर्यंतच.

वैशाखात एकदा दुपारीच अंधारून आलं आणि डोंगरावर विजा पडायला लागल्या. लोक घरात पळाले. रंगुबाई घरातून बाहेर आली आणि गावामागच्या मोकळ्या माळावर जाऊन उभी राहिली. तिथे झाड नाही, झुडूप नाही. अर्धा तास ती उभी होती. विजा कडाडल्या, चार मोठे थेंब पडले, आभाळ पुढे सरकलं. जन्मभर जिची भीती घातली त्या विजेनेही तिला विचारलं नाही. साडी झटकत ती घरी आली आणि तिने रात्रीचं पीठ मळलं.

पावसाळ्यात पलीकडच्या गावाची बनुबाई कंबर धरून आली. तिला बिचारीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आपणच पोतं पसरून पालथी पडली. रंगुबाईने पाय धुतला नाही. नगरला जा, पाठीचा फोटो काढ आणि मग काय ते कर, असं तिने सांगितलं. बनुबाई उठली, नुसत्या पाय टेकवण्याला एवढा माज कशाला म्हणाली, आणि लंगडत निघून गेली. रंगुबाईने पोतं उचललं, घडी घातली आणि सरपणाच्या ढिगामागे टाकलं.

मग पुन्हा दिवाळी आली, ट्रक आले, गाव गेलं. वैजनाथ मुकादमाने या वेळी तिला विचारलं नाही. ज्योती करणबरोबर गेली. त्याच सुमाराला वाल्मिकला नगरहून घरी आणल्याचं रंगुबाईने ऐकलं. सासू त्याच्याजवळ होती. तीस पावलांवरचं ते दार तिला ओट्यावरून दिसायचं. दाराच्या आत काय आहे ते दिसायचं नाही, आणि ती बघायला गेली नाही. जावं कोणत्या तोंडाने? ऊन कलायचं, म्हातारे देवळापुढून उठायचे, आणि सबंध दिवसात आपण एकही शब्द बोललो नाही, हे तिच्या झोपताना लक्षात यायचं.

माघ लागला होता. सकाळची वेळ. ती ओट्यावर सुपात मटकी निवडत बसली होती. गल्लीत कसलातरी टक् असा आवाज झाला. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. तिने मान वर केली.

वाल्मिक होता. दोन्ही हातांत वॉकर, उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत पट्ट्यांचा बूट, कमरेला पट्टा. वॉकर पुढे टाकायचा, डावा पाय टाकायचा, उजवा ओढायचा, मग उभं राहून दम घ्यायचा. सासू त्याच्या दारात उभी राहून बघत होती. तीस पावलं. रंगुबाईला उठून सामोरं जावंसं वाटलं, पण ती जागची उठली नाही. तिने मटकी निवडायचं सोडलं आणि नुसती बघत राहिली. त्याला यायला इतका वेळ लागला की सुपावरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं.

तो ओट्यापाशी येऊन थांबला. कपाळावर घाम होता. रंगुबाईने दोन्ही पाय साडीखाली ओढून घेतले. त्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला जे विचारायची सवय, तेच तिच्या तोंडून निघालं.

"पाठीला काय झालं का?"

"पाठीला काय न्हाई," वाल्मिक म्हणाला. दम खाऊन तो पुढे म्हणाला, "माझ्या मनातनं अजून गेलं न्हाई, काकू. जाईल का न्हाई, ते बी ठाव न्हाई."

"व्हय," ती म्हणाली.

"सहज आलो."

रंगुबाईला काय करावं ते सुचेना. पाठ धरून आलेल्या माणसाचं काय करायचं ते तिला लहानपणापासून येत होतं. सहज आलेल्या माणसाचं काय करायचं असतं, ते तिने दुसऱ्यांच्या घरी बघितलं होतं तेवढंच. तिने सूप बाजूला ठेवलं, ओट्यावरची जागा पदराने पुसली.

"च्या ठिवू का?" तिने विचारलं.

"ठिव," वाल्मिक म्हणाला, आणि वॉकर भिंतीला लावून ओट्यावर टेकला.